किल्ली खुंटीवरून काढा!

दिवाणखान्याच्या दाराआड एक खुंटी असते. तिच्यावर छत्री, नायलॉनची पिशवी, कुणाचा तरी जुना मफलर आणि या सगळ्यांच्या खाली गाडली गेलेली मोटारीची किल्ली. गाडी खाली कव्हराखाली पडून; टायर बसलेले, बॅटरी मेलेली. पाहुण्याने सहज विषय काढला की यजमान सांगतात, ‘अहो, त्या अपघातानंतर हिने गाडीला हातच लावला नाही.’ हे सांगताना त्यांच्या आवाजात काळजी नसते. थोडे कौतुक असते आणि कान देऊन ऐकले तर थोडे समाधानही असते. बाई घरी बसली, कटकट मिटली! जिने वर्षानुवर्षे गाडी चालवली, मुलांना शाळेत पोचवले, सासऱ्यांना रात्री दोन वाजता दवाखान्यात नेले, तिचे ते सारे कर्तृत्व एका धडकेत पुसले गेले आणि घरात त्याचे सुतकसुद्धा कुणी पाळले नाही!

पुरुषाच्या वाट्याला समाधान येत नाही, कुचेष्टा येते. ‘एवढ्यातेवढ्याला काय घाबरतोस, भागूबाई कुठला!’ मग तो घाबरत नाही, म्हणजे घाबरल्याचे सांगत नाही. उड्डाणपूल टाळण्यासाठी चार किलोमीटरचा वळसा घेतो, ट्रक बाजूला आला की स्टिअरिंगवरचे हात गार पडतात, घाटाच्या प्रवासाचा बेत निघाला की याची नेमकी कंबर धरते. ऑफिसात सांगतो, गुडघा दुखतो म्हणून ड्रायव्हर ठेवला. गुडघा दुखण्यात अब्रू जात नाही. काळीज दुखण्यात जाते! असल्या अब्रूला आग लागो.

आमचे म्हणणे सरळ आहे. अपघातानंतर बसणारी भीती ही जखम आहे. ती स्वभाव नव्हे, प्रारब्ध नव्हे, सोंग तर नव्हेच नव्हे. मोडलेल्या मांडीच्या हाडासारखी ती जखम आहे आणि योग्य उपचार झाले तर बहुतेकांची बरी होते. बरी करण्याची रीत ठाऊक असूनही जो समाज आणि जे सरकार ती वापरत नाही, त्यांना आम्ही निष्काळजी म्हणणार नाही. निष्काळजी हा फार सौम्य शब्द झाला.

आकडे घ्या. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. हे केंद्र सरकारच्याच अहवालातले आकडे आहेत. मेलेल्यांपैकी १५ हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातले. या अहवालात वाहनांचे प्रकार आहेत, रस्त्यांचे प्रकार आहेत, किती वाजता धडक झाली तेही आहे. पण त्या जवळपास साडेचार लाख जखमींपैकी किती जण पुन्हा स्टिअरिंगमागे बसू शकले नाहीत, किती जण रात्री ब्रेकच्या करकचण्याने दचकून उठतात, किती जणांनी लांबची नोकरी सोडली, याचा रकाना त्यात नाही. सरकारला मढी मोजता येतात, टाके मोजता येतात. थरथर मोजता येत नाही.

ही थरथर काही आजच्या नाजूक पिढीने शोधून काढलेली नाही. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडात स्टेपलहर्स्ट येथे आगगाडी रुळांवरून घसरली. दुरुस्तीसाठी पुलावरचे रूळ काढून ठेवले होते आणि गाडीची वेळ पाहण्यात चूक झाली. दहा माणसे मेली. एक डबा पुलाच्या कडेला लोंबकळत राहिला. त्यात चार्ल्स डिकन्स होता. गडी बाहेर पडला, हॅटमधून पाणी आणून जखमींना पाजत फिरला, अर्धवट लिहिलेल्या कादंबरीचे बाड आणायला पुन्हा त्या लोंबत्या डब्यात शिरला. याला भित्रा म्हणण्याची छाती कुणाची आहे? पण त्यानंतर आगगाडीत बसले की याच माणसाच्या अंगाला कापरे भरे. जलद गाड्या टाळून तो रखडणाऱ्या गाड्यांनी जाऊ लागला. पुढच्याच वर्षी एरिक्सन नावाच्या लंडनच्या शल्यविशारदाने रेल्वे अपघातांनंतरच्या या दुखण्यावर पुस्तक लिहिले. मग दुखणे कण्यात आहे की मनात, यावर डॉक्टर आणि रेल्वे कंपन्या कोर्टात वर्षानुवर्षे भांडत बसल्या. जखम दिसत नाही, तर पैसे कशाचे द्यायचे? दीडशे वर्षांनंतर आमच्या विमा कंपन्या त्याच ओट्यावर बसून तोच पान-सुपारीचा डबा फिरवीत आहेत.

आणि यातला सर्वांत संतापजनक विनोद असा, की ज्यांनी घाबरावे ते घाबरतच नाहीत. उलट दिशेने, दिवे न लावता, एका हातात मोबाइल धरून येणारा वीर निर्भय आहे. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवणारा निर्भय आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर पट्ट्याविना बसलेले असताना मरण पावले. तेव्हा राज्यभर मागच्या सीटचे पट्टे चार दिवस बाहेर आले आणि पाचव्या दिवशी पुन्हा गादीखाली गेले. सारी भीती कुणाच्या पदरात? जो आपल्या लेनमधून, पट्टा लावून, साठच्या वेगाने चालला होता आणि ज्याला पाठीमागून उडवले गेले, त्याच्या! गुन्हा एकाचा, शिक्षा दुसऱ्याला, आणि तीही जन्मठेपेची.

ही जन्मठेप कशी लागते ते समजून घेतल्यावाचून ती सुटायची नाही. भीती ही सावकारासारखी असते. पहिल्यांदा तुम्ही पुलाच्या रस्त्याला जायचे टाळता. छातीतली धडधड थांबते, हायसे वाटते. ते हायसे वाटणे म्हणजे सावकाराने पुढे केलेले कर्ज. दुसऱ्यांदा तो हायवे मागतो. मग रात्रीचे चालवणे, मग पाऊस, मग शहराबाहेरचा कुठलाही रस्ता; शेवटी तो किल्लीच गहाण ठेवून घेतो. प्रत्येक टाळणे म्हणजे फेडलेले व्याज, मुद्दल मात्र वाढतच जाते. मेंदूचा यात मोठा दोष नाही. त्या एका क्षणी काचा फुटण्याचा आवाज, जळक्या रबराचा वास आणि मरण या तिन्हींची त्याने एकच मोळी बांधली. पुढे आवाज आला, वास आला, की तो मरणाचीच आरोळी देतो. ही मोळी सुटायची तर आवाज यावा, वास यावा, पण मरण येऊ नये, असे पुन्हा पुन्हा घडावे लागते. जो रस्त्यावर जातच नाही, त्याच्या मेंदूला ही नवी गोष्ट शिकवणार कोण?

हे सुटते, याला पुरावा आहे. अमेरिकेत ऑल्बनी येथे एडवर्ड ब्लँचर्ड आणि एडवर्ड हिकलिंग या मानसशास्त्रज्ञांनी मोटार अपघातानंतर डॉक्टरांकडे गेलेल्या १५८ जणांचा पाठपुरावा केला. पहिल्या काही महिन्यांत त्यांतील सुमारे ३९ टक्के लोकांना आघातोत्तर तणावाचा विकार, म्हणजे पीटीएसडी जडलेला आढळला. सहा महिन्यांत त्यांतले निम्म्याच्या आसपास बऱ्याच अंशी सावरले. उरलेल्यांचे दुखणे रेंगाळले. त्यांच्यासाठी या दोघांनी उपचारपद्धती बसवली आणि ती तपासून पाहिली. अशा उपचारांचे सार असे : जे टाळतो त्याची चढती यादी करायची आणि तळच्या पायरीपासून एकेक पायरी चढायची.

यात परके काही नाही. आमच्या गावांत पोरांना विहिरीत पोहायला कसे शिकवतात? पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधतात, वरून दोर धरतात. मग डबा लहान होतो, मग दोर ढिला पडतो, आणि एक दिवस पोराच्या लक्षात येते की दोर कधीच सुटला होता. गाडीचेही तसेच. उभ्या गाडीत चालकाच्या जागी नुसते बसायचे, इंजिन न लावता. धडधड होईल, होऊ द्या. शंभरपैकी किती भीती वाटते ते स्वतःला विचारायचे. ऐंशी असेल तर ती चाळिसावर उतरेपर्यंत उठायचे नाही. शिखरावर असताना पळालात तर सावकार जिंकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, वीसवर येईपर्यंत. मग इंजिन लावायचे. मग सोसायटीच्या आवारात एक फेरी. मग पहाटेचा मोकळा रस्ता, शेजारी माणूस. मग शेजारची जागा रिकामी. मग रहदारी, पाऊस, रात्र. आणि सगळ्यांत शेवटी ते ठिकाण, जिथे ते घडले. वरच्या पायऱ्यांसाठी आणि ज्यांना डोळ्यांपुढे तोच प्रसंग घडत असल्यासारखा दिसतो त्यांच्यासाठी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ हवाच. तिथे घरगुती शहाणपण चालवू नका. आणि ज्याला गाडीत भोवळ येते किंवा भान हरपते त्याने आधी डॉक्टर गाठावा, रस्ता नंतर.

आमच्याकडे मात्र दोनच उपाय ठाऊक. एक तर विहिरीत ढकलून द्यायचे : ‘उद्याच्या उद्या हायवेला काढ गाडी, भीती जाईल!’ ढकललेले पोर नाकातोंडात पाणी जाऊन वर येते ते पुन्हा विहिरीचे तोंड पाहत नाही. नाहीतर विहीरच बुजवून टाकायची : ‘विकून टाक ती गाडी, अपशकुनी आहे.’ गाडी अपशकुनी! मग त्या वळणावर कुणी बाई उभी असते म्हणून नारळ, लिंबे, उतारा. भगत येतो, अंगारा लावतो, पाचशेची नोट घेतो. डॅशबोर्डवरच्या गणपतीला आमचा नमस्कार आहे. त्याच्याकडे पाहून कुणाला धीर येत असेल तर येवो. पण बाधा काढतो म्हणून घाबरलेल्या माणसाच्या मानगुटीवर बसणारा भगत हा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जीव ज्या लढाईत गेला, त्या लढाईतला शत्रू आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. तो पुस्तकात निजू देऊ नका.

आणि भेटायला येणारे! हातात शहाळे घेऊन येतात, पलंगाच्या कडेला टेकतात आणि विचारतात, ‘झालं कसं पण? तू कुठल्या लेनला होतास? रक्त किती गेलं?’ दिवसातून सहा वेळा त्या बिचाऱ्याला धडक पुन्हा द्यायला लावतात. मोकळे होण्यासाठी बोलायला हवे, ही लोकांची समजूत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अपघातग्रस्तांना इस्पितळातच, लगोलग, एकाच बैठकीत सगळे आठवून बोलायला लावले आणि तीन वर्षांनी पाहिले. आरंभी जे जास्त हादरलेले होते, ते या बैठकीनंतर तीन वर्षांनीही तसेच राहिले. ज्यांना अशी बैठक दिली नव्हती, त्यांच्यातले तितकेच हादरलेले लोक दरम्यान सुधारले होते. जिथे प्रशिक्षित माणसाची सक्तीची बैठक कामास येत नाही, तिथे शेजारच्या काकूंची चौकशी काय दिवे लावणार? त्याला बोलायचे असेल तेव्हा ऐका. नसेल तेव्हा शहाळे फोडा आणि क्रिकेटवर बोला.

आता सरकारकडे वळू. रस्ते अपघातातील जखमींसाठी विनारोकड उपचारांची योजना केंद्राने मे २०२५ मध्ये लागू केली : दीड लाख रुपयांपर्यंत, अपघाताच्या दिवसापासून सात दिवस. पहिल्या तासात जीव वाचवणारी ही योजना आहे, तिचे आम्ही स्वागतच करतो. पण सात दिवस म्हणजे किती, हे या योजनेच्या कर्त्यांनी कधी मोजले का? पीटीएसडी हा विकार अमेरिकेतील मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदानसूचीत घेतला आणि त्याची अट अशी, की लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली तरच निदान करायचे. जखम ओळखायला तीस दिवस लागतात आणि सरकारी दार सातव्या दिवशी बंद होते! आधी टाळे आणि मग पाहुण्याला आमंत्रण, हा कुठला पाहुणचार?

महिन्याभराने प्लास्टर काढायला तोच रुग्ण त्याच हाडांच्या डॉक्टरकडे येतो. एक्स-रे उजेडात धरला जातो, ‘छान जुळलंय’ असा शेरा मिळतो, तो निघतो. तिथे चार प्रश्न विचारायला काय खर्च येतो? झोप उडते का, तो प्रसंग नको असताना डोळ्यांपुढे येतो का, गाडीचा आवाज आला की दचकता का, रस्त्यावर जायचे टाळता का. चार प्रश्न, दोन मिनिटे. तीन उत्तरे होकारार्थी आली तर पुढची चिठ्ठी. या प्रश्नांचा फलक प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात लावायला अर्थसंकल्पी तरतूद लागत नाही, लाज लागते.

‘पण तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ कुठे आहेत?’ हे रडगाणे आम्हाला पाठ आहे. नाहीत, हे खरे. पण शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. सरकारी केंद्रांत या समुपदेशनाचा गुण आला आणि तो अहवाल २०१० साली ‘लॅन्सेट’ने छापला. आंबोली घाटापलीकडे जे जमते ते घाटाअलीकडे का जमू नये? प्लास्टर काढल्यावर पाय वाकवायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट आहे, परिचारिका आहे. त्यांना पायऱ्यांची ही यादी शिकवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो इस्पितळाच्या डिस्चार्ज कार्डावर, औषधांच्या यादीखाली, ठळक छापा. आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनो, तुम्ही दोन ब्रेकची गाडी घेऊन गल्लीगल्ली फिरता ना? परतणाऱ्या चालकाचा वर्ग का काढत नाही? ‘एकवीस दिवसांत लायसन्स’ या पाटीखाली ही दुसरी पाटी लावा. नवशिक्यांइतकीच गिऱ्हाइके मिळतील.

विमा कंपन्यांचा हिशेब तर पाहण्यासारखा. गाडीचा बंपर चेपला, दिवा फुटला, तर गॅरेजमध्ये कॅशलेस. मालक-चालकाच्या सक्तीच्या अपघाती विम्यात दोन हात किंवा दोन्ही डोळे गेले तर पूर्ण रक्कम, एक गेला तर निम्मी. म्हणजे कंपनीच्या लेखी माणसाला हात आहेत, पाय आहेत, डोळे आहेत, मन नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ स्पष्ट बजावतो, की वैद्यकीय विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच बरोबरीने वागवले पाहिजे. पण बहुतेक पॉलिसींना रुग्ण खाटेवर आडवा झालेला हवा. आणि आपली ही जखम तर उठून बसण्याने बरी होणारी, दहाबारा बैठकांची, बाह्यरुग्ण विभागातली! खाट नाही, म्हणून पैसा नाही. बंपरला कॅशलेस आणि माणसाला कॅश, असा हा न्याय आहे.

मोटार अपघात न्यायाधिकरणांत वकिली करणाऱ्यांनाही चार शब्द. जखमीला भरपाई देताना वेदना, यातना आणि मानसिक आघात यांचाही विचार करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगून ठेवले आहे. तरी दाव्याच्या कागदांत हाडाच्या डॉक्टरचा टक्का असतो, पगाराची स्लिप असते आणि मानसोपचाराचा कागद नसतो. तुम्ही मागितलाच नाही, तर कोर्ट देणार कोठून?

ज्यांचे पोटच स्टिअरिंगवर आहे, त्यांच्याविषयी कुणी बोलतच नाही. शिक्षिकेला गाडी सोडून बस पकडता येते. ट्रकवाल्याने, टेम्पोवाल्याने, एसटीच्या चालकाने काय पकडायचे? त्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते : डोळे ठीक, कान ठीक, हातपाय ठीक. मागच्या मोसमात याच्या पुढ्यात दुचाकीवरचे जोडपे चाकाखाली गेले, चूक याची नव्हती, पण तो आवाज याच्या कानातून जात नाही, हे त्या कागदावर कुठे लिहायचे? तो बोलला तर मालक म्हणणार, दुसरा शोध. म्हणून तो बोलत नाही. रात्री ढाब्यावर क्वार्टर मारतो आणि पहाटे पन्नास जणांचे किंवा वीस टनांचे ओझे घेऊन निघतो. त्याची न बरी झालेली भीती तुमच्याआमच्या शेजारच्या लेनमधून धावते आहे. एखाद्या जीवघेण्या अपघातानंतर चालकाला भरपगारी रजा आणि समुपदेशन बंधनकारक करा. दया म्हणून नको. रस्त्याची दुरुस्ती म्हणून करा.

रस्त्याचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट सोडून चालणार नाही. भीती बरी करा म्हणताना आम्ही ती खोटी म्हणत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बस पेटून २५ माणसे गेली; ते सरळ, लांबलचक, झापड आणणारे काँक्रीट ज्यांनी पाहिले त्यांच्या पोटात गोळा येतो, तो वेडेपणाने नव्हे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून चालले आहे; त्या रस्त्याने गणपतीला गावी जाणाऱ्या कोकणी माणसाच्या भीतीला मानसोपचार नको, कंत्राटदाराला बेडी हवी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ जण मेले; मग धोक्याची ठिकाणे एकेक हुडकून कठडे लावले, पुलाचे उघडे खांब झाकले, उभ्या ट्रकांवर कारवाई केली, आणि बळी लक्षणीय घटले. म्हणजे हेही जमते! घाबरलेल्या चालकाला त्याच्या पायऱ्या चढवणारा समाज आणि त्या पायऱ्यांच्या टोकाला उघडे गटार ठेवणारे बांधकाम खाते, असे एकत्र नांदू शकत नाहीत. घाबरलेली माणसे या रस्त्यांची सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहेत. कुठल्या वळणावर अंगावर काटा येतो ते त्यांना विचारा. तुमच्या सल्लागार कंपनीच्या अहवालाआधी तुम्हाला खड्डा सापडेल.

उरले घर. सरकार जागे होईल तेव्हा होईल. खुंटी तुमच्या दाराआडच आहे. येत्या रविवारी पहाटे सहाला टायरमध्ये हवा भरून आणा, बॅटरी चार्ज करा, कव्हर काढा. जिने गाडी सोडली तिला विचारा, नुसते बसायचे का? नको म्हणाली तर पुढच्या रविवारी विचारा. हो म्हणाली तर किल्ली तिच्या हातात द्या आणि तुम्ही डावीकडे बसा. ‘क्लच दाब, आरसा बघ, मी सांगतो तसं कर,’ यातले एक अक्षर काढू नका. तुमचा उजवा पाय तिथे नसलेल्या ब्रेकवर जाईल, तो आवरा. ती दहा मिनिटे गाडी न हलवता बसली, तर तुम्हीही दहा मिनिटे बसा. पट्टा मात्र दोघांनी लावा.